वाचकांचे प्रश्न : मेकॅनिकलची पदवी, आणि वारा-ऊन-चिपाडाची वीज

बेळगाव, खानापूर, निपाणी, अथणी या भागांतून आलेल्या पत्रांत या वेळी एकच विषय पुन्हा पुन्हा डोकावतो : मेकॅनिकल इंजिनिअरिंग झालं, आता अपारंपरिक ऊर्जेच्या क्षेत्रात शिरायचं कसं? सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : मी व्हीटीयूच्या (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या) अखत्यारीतल्या कॉलेजात मेकॅनिकलच्या सातव्या सेमिस्टरला आहे. सौर किंवा पवन क्षेत्रात जायची इच्छा आहे. पण सगळे सांगतात, ते इलेक्ट्रिकलवाल्यांचं क्षेत्र आहे. खरं आहे का? आणि शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट कोणता घ्यावा?
— विद्यार्थी, वडगाव, बेळगाव

उत्तर : अर्धंच खरं आहे. इन्व्हर्टरपासून ग्रीडपर्यंतचं काम इलेक्ट्रिकलचं, आणि त्या ड्रॉइंगवर सहीही परवानाधारक इलेक्ट्रिकलवाल्याचीच लागते. पण त्याच्या अलीकडे काय आहे ते बघा. गिअरबॉक्स असलेल्या पवनचक्कीचा रोटर मिनिटाला साधारण १५ फेरे घेतो आणि जनरेटरला हवे असतात १,५०० च्या आसपास. म्हणजे मध्ये सुमारे १:१०० चा गिअरबॉक्स आला, मेन शाफ्ट आला, मेन बेअरिंग आलं, ब्रेक आला, वाऱ्याकडे तोंड फिरवणारी यॉ सिस्टिम आली. तेलात लोखंडाचे कण वाढले, गिअरबॉक्स आणि जनरेटरचं अलाइनमेंट बिघडलं, व्हायब्रेशनच्या आलेखात बेअरिंगच्या फ्रिक्वेन्सीला टोक दिसू लागलं, की बोलावणं मेकॅनिकललाच येतं.

एका बोल्टवरूनच हे समजून घ्या. टॉवरच्या फ्लँजला एम-३६ मापाचे, १०.९ ग्रेडचे बोल्ट असतील, तर त्यांना सुमारे २,८०० न्यूटन-मीटर टॉर्क द्यावा लागतो. तो हायड्रॉलिक रेंचनं देतात. या टॉर्कपैकी बोल्टला ताण देण्यासाठी जेमतेम दहा टक्के कामी येतो. बाकीचा नटाच्या बैठकीतल्या आणि आट्यांमधल्या घर्षणात जातो. म्हणून आट्यांना ठरलेलं वंगण लावलं नाही किंवा आटे गंजलेले असले, तर रेंच २,८०० दाखवतो, पण बोल्ट सैलच राहतो. सैल बोल्टवर प्रत्येक झुळुकीला भार कमी-जास्त होत राहतो, आणि तो थकून तुटतो. दुसऱ्या वर्षाला शिकलेलं फटीग म्हणजे हेच.

सौरचंही तसंच. ५४० वॅटचं एक पॅनेल सुमारे २.२८ मीटर लांब आणि १.१३ मीटर रुंद असतं, वजन २८ किलोच्या आसपास. वाऱ्याचा वेग उदाहरणापुरता ३९ मीटर प्रतिसेकंद धरा. दाब ०.६ गुणिले वेगाचा वर्ग, म्हणजे चौरस मीटरला सुमारे ९१३ न्यूटन. पॅनेलचं क्षेत्रफळ २.५८ चौरस मीटर. गुणाकार केला तर एका पॅनेलवर जवळजवळ २४० किलोचा जोर! हे फक्त कच्चं गणित. डिझाइन करताना आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागातले उंचीचे, भूभागाचे आणि आकाराचे गुणक लावावेच लागतात. पण २८ किलोचं पॅनेल वारा २४० किलोच्या जोरानं उचलू बघतो, एवढं एकदा कळलं की स्ट्रक्चर वजन पेलण्यासाठी कमी आणि उडू न देण्यासाठी जास्त असतं हे डोक्यात बसतं. वळवाच्या पावसात पत्र्यासकट पॅनेल उडतात, ती बहुतेक ठिकाणी हेच गणित न केल्यामुळे.

तरीही वीज थोडी शिकावीच लागेल. थ्री-फेज, पॉवर फॅक्टर, अर्थिंग, मेगरचं (इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरचं) रीडिंग आणि स्ट्रिंगचं गणित एवढं तरी यायलाच हवं. स्ट्रिंगचं गणित असं : पॅनेलचं ओपन सर्किट व्होल्टेज २५ अंशांना ४९.५ व्होल्ट आणि इन्व्हर्टरची कमाल मर्यादा १,००० व्होल्ट. साधा भागाकार करणारा २० पॅनेल एका ओळीत जोडतो. पण थंडीत व्होल्टेज वाढतं, दर अंशाला सुमारे ०.२७ टक्के. डिसेंबरातल्या पहाटे पॅनेल १० अंशांवर असेल तर प्रत्येकाचे ५१.५ व्होल्ट होतात, आणि २० पॅनेलचे १,०३० व्होल्ट. इन्व्हर्टर जातो, आणि मर्यादा ओलांडल्याची नोंद त्याच्या मेमरीत सापडल्यामुळे वॉरंटीही जाते. इथे १९ च पॅनेल बसतात. मुलाखतीत हा प्रश्न हमखास विचारतात.

प्रोजेक्टचं म्हणाल तर सोलर कुकर किंवा छोट्या पवनचक्कीचं मॉडेल नको. ती मॉडेलं प्रदर्शनात ठेवली जातात आणि मुलाखतीत पहिल्या दोन प्रश्नांतच संपतात. त्याऐवजी कॉलेजच्या किंवा ओळखीच्या एखाद्या छतावरचा चालू सोलर संच घ्या आणि तीन महिने मोजत राहा. इन्व्हर्टरवरचे रोजचे युनिट लिहा. सूर्यकिरणांची आकडेवारी नासाच्या पॉवर या संकेतस्थळावर फुकट मिळते. समजा संच ३.२४ किलोवॅटचा आहे आणि त्या दिवशीचे किरण चौरस मीटरला ५.५ युनिट होते, तर अपेक्षा १७.८ युनिटची. प्रत्यक्षात १३.९ मिळाले तर परफॉर्मन्स रेशो ७८ टक्के. आता उरलेले २२ टक्के कुठे गेले ते शोधा. दुपारी पॅनेलच्या पाठीला थर्मोकपल लावा. ६५ अंश आले तर ४० अंशांची वाढ गुणिले ०.३५ टक्के, म्हणजे त्या घटकेचे १४ टक्के उष्णतेतच गेले. अर्धे पॅनेल दर आठवड्याला धुवा, अर्धे तसेच ठेवा, म्हणजे धुळीचा हिशेब वेगळा निघेल. हे सगळं हजार-दोन हजार रुपयांत होतं, आणि सांगायला तुमच्याकडे स्वतः मोजलेले आकडे असतात. आम्हाला विचाराल तर, इथून पुढचे सहा महिने यापेक्षा चांगले खर्च होणार नाहीत.

प्रश्न : आमच्या मुलीला पवनचक्क्यांच्या देखभालीच्या कामासाठी बोलावणं आलं आहे, नेमणूक सौंदत्तीकडे. ऐंशी-शंभर मीटर उंच टॉवरवर चढायचं काम आहे म्हणे. पाठवावं का? आपण काय विचारून घ्यावं?
— वडील, निपाणी

उत्तर : काळजी वाटणं साहजिक आहे, आणि मुलगी असो की मुलगा, विचारायचे प्रश्न तेच. या कामात माणूस दगावतो तो नुसत्या उंचीमुळे नव्हे. उंचीवर असताना दोर अडकवलेला नसणं, किंवा रोटर लॉक न करता हबमध्ये (ब्लेड जोडलेल्या मधल्या भागात) शिरणं, ही दोन मोठी कारणं असतात.

पहिला प्रश्न : टॉवरवर चढवण्याआधी प्रशिक्षण कोणतं देणार? जगभरच्या पवन कंपन्यांत जीडब्ल्यूओ या जागतिक पवन-उद्योग संघटनेचं मूलभूत सुरक्षा प्रशिक्षण चालतं. त्यात प्रथमोपचार, ओझं उचलण्याची पद्धत, आगीपासून बचाव आणि उंचीवरचं काम हे भाग असतात, आणि त्याची मुदत दोन वर्षांची. ते किंवा त्या तोडीचं प्रशिक्षण कंपनीच्या खर्चानं व्हायला हवं. "शिका हळूहळू बरोबरच्यांकडून" असं उत्तर आलं तर पाठवू नका.

दुसरा : टॉवरवर एकटीला पाठवतात का? कधीच पाठवता कामा नये, किमान दोघं हवीत. कारण हार्नेसमध्ये बेशुद्ध होऊन लोंबकळत राहिलेल्या माणसाच्या पायांत रक्त साचतं आणि जीव थोड्याच वेळात धोक्यात येतो. खालून मदत पोहोचेपर्यंत थांबायला वेळ नसतो, वर असलेल्या जोडीदारानंच सोडवून खाली उतरवायचं असतं. त्यासाठी रेस्क्यू किट नेसेलमध्येच (टॉवरच्या टोकावरच्या यंत्रांच्या खोलीतच) हवं.

तिसरा : वारा किती झाला की काम थांबवायचं, ते लिखित आहे का? चौथा : हार्नेस आणि दोर यांची तपासणी कधी झाली, त्यावर तारीख आहे का? पाचवा, जो बहुतेक जण विचारत नाहीत : साइटवर राहायची सोय, बायकांसाठी स्वच्छतागृह आणि रात्रीच्या बिघाडाला जायचं वाहन. टॉवरच्या पायथ्याशी शौचालय नसल्यानं मुली दिवसभर पाणी पीत नाहीत आणि उन्हात शिडी चढताना चक्कर येते. ही बाब साधी वाटते, पण सुरक्षेचीच आहे.

यांची उत्तरं सरळ मिळाली तर जरूर पाठवा. दोन-तीन वर्षं टॉवरवर काढलेला इंजिनिअर पुढे नियोजनात, कंडिशन मॉनिटरिंगमध्ये, ब्लेडच्या तपासणीत जातो, आणि त्याच्या शब्दाला वजन असतं. आपल्याकडे वारा जून ते सप्टेंबर जोरात असतो आणि वर्षातली बरीचशी वीज तेव्हाच होते. त्यामुळे मोठी देखभाल त्याआधीच उरकतात. पावसाळ्यात सुट्टी मिळणं अवघड; गणपतीला घरी येईलच असं धरून चालू नका. आणि मुलीला कन्नड येत नसेल तर कामापुरतं शिकून जाऊ दे. मदतनीस, गाडीवाला, ज्यांच्या शेतात टॉवर उभा आहे तो शेतकरी, सगळ्यांशी तेच बोलावं लागतं.

प्रश्न : मी अथणी भागातल्या साखर कारखान्याच्या को-जनमध्ये (चिपाड जाळून वाफ आणि वीज करणाऱ्या विभागात) ट्रेनी आहे. मित्र म्हणतात, बॉयलर म्हणजे जुनी नोकरी, रिन्युएबलमध्ये जा. हे रिन्युएबल नाही का?
— ट्रेनी इंजिनिअर, अथणी तालुका

उत्तर : आहे. पुरतं आहे. चिपाडापासूनची वीज देशाच्या अपारंपरिक ऊर्जेच्या हिशेबात बायोमास म्हणून धरली जाते. आणि मेकॅनिकलच्या मुलाला सीमाभागात सर्वांत जवळचं, सर्वांत खोल शिकवणारं दार हेच आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे. ते सोडून बावीस दिवसांच्या सोलर कोर्ससाठी पळू नका.

रोज पाच हजार टन गाळप करणारा कारखाना घ्या. उसाच्या साधारण २८ टक्के चिपाड, म्हणजे १,४०० टन, तासाला ५८ टन. एका टनातून सव्वादोन टनांच्या आसपास वाफ, म्हणजे तासाला सव्वाशे टनांहून जास्त. आता ओलाव्याकडे बघा. चिपाडात ५० टक्के ओल असताना उपयोगी उष्मांक किलोला सुमारे १,८२५ किलोकॅलरी असतो. ओल ५२ वर गेली की तो १,७२८ वर येतो. दोन टक्के ओलीनं पाच टक्क्यांहून जास्त ऊर्जा गेली! मिलच्या शेवटच्या रोलरचं सेटिंग आणि इम्बिबिशनचं (उरलेला रस निघावा म्हणून चिपाडावर सोडलेलं) पाणी यांचा थेट परिणाम बॉयलरवर कसा होतो ते यातून दिसतं. तरी मिल हाऊस आणि बॉयलर हाऊस एकमेकांकडे बोट दाखवत बसतात. दर शिफ्टला ओलीचा आकडा मिलच्या वहीतून घेऊन तुमच्या वाफेच्या आकड्याशेजारी लिहायला लागा. महिन्याभरात हे नातं तुमच्या हाताशी येईल.

दुसरं, शुगर ट्रेस, म्हणजे पाण्यात उतरलेला साखरेचा अंश. बाष्पकाची (रस आटवणाऱ्या भांड्याची) नळी पाझरली की रस कंडेन्सेटमध्ये (वाफ थंड होऊन झालेल्या पाण्यात) येतो आणि तिथून बॉयलरच्या पाण्यात. तिथल्या तापमानाला साखर फुटून आम्लं होतात, पाण्याचा पीएच घसरतो, ड्रममध्ये फेस येतो आणि फेसाबरोबर क्षार वाफेत शिरतात. ते टर्बाइनच्या ब्लेडवर बसतात. हे ओळखायची जुनी चाचणी अल्फा-नॅप्थॉलची : कंडेन्सेटच्या नमुन्यात त्याचे थेंब टाकून बाजूनं सल्फ्युरिक ॲसिड सोडायचं, साखर असली तर जांभळं कडं दिसतं. कडं दिसलं की कंडेन्सेट आधी गटाराकडे वळवा, कारण नंतर शोधा. "आधी खात्री करू" म्हणत घालवलेली पंधरा मिनिटं टर्बाइन उघडायला लावतात. ६७ किलो दाबाच्या बॉयलरवर एखाद वेळी निभावतं, ८७ आणि ११० किलोच्या बॉयलरवर निभावत नाही.

तिसरं, वाळू. पावसात तोडलेल्या उसाबरोबर माती येते, आणि इकॉनॉमायझरच्या (धुराच्या उष्णतेनं पाणी तापवणाऱ्या) नळ्या, आयडी फॅनचा (धूर ओढून घेणाऱ्या पंख्याचा) इम्पेलर घासून पातळ होतात. पट्टा पडल्यावर (गाळप हंगाम संपल्यावर) नळ्यांची जाडी अल्ट्रासॉनिकनं मोजतात, त्या कामाला स्वतः उभे राहा. मागच्या वर्षीच्या नोंदी मागा आणि कोणत्या वळणावर किती झीज झाली त्याचा नकाशा करा. अग्निप्रदीपनाच्या (नव्या हंगामात बॉयलर पेटवण्याच्या) आधी तो नकाशा चीफ इंजिनिअरांच्या टेबलावर ठेवलात तर तुमची ओळख ट्रेनी म्हणून राहणार नाही.

पुढचा रस्ता : ठरलेला अनुभव पुरा झाला की बॉयलर ऑपरेशन इंजिनिअरची, म्हणजे बीओईची परीक्षा. त्यानंतर बीईईची (केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोची) ऊर्जा व्यवस्थापक किंवा ऊर्जा लेखापरीक्षक परीक्षा. व्यवस्थापकाला तीन पेपर, लेखापरीक्षकाला चौथा जादा. कोणत्या पदवीला किती वर्षांचा अनुभव लागतो ते त्या वर्षीच्या सूचनेत वाचूनच फॉर्म भरा. दोन्ही परीक्षांत तुमचं रोजचंच काम विचारलेलं असतं. बेळगावातच एस. निजलिंगप्पा शुगर इन्स्टिट्यूट आहे, पुण्याजवळ मांजरीला व्हीएसआय (वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट) आहे. त्यांच्या प्रशिक्षणांवर लक्ष ठेवा. प्रेसमडपासून (रस गाळून उरणाऱ्या गाळापासून) कॉम्प्रेस्ड बायोगॅस करण्याचे प्रकल्पही येत आहेत. साधारण २५ टन प्रेसमडपासून एक टन गॅस निघतो. तिथे हायड्रोजन सल्फाइडनं कॉम्प्रेसरचे भाग कसे खाल्ले जातात, ते कळणारा मेकॅनिकलच लागणार.

प्रश्न : उद्यमबागेत हायड्रॉलिक सिलिंडर आणि पॉवर पॅक बनवणाऱ्या युनिटमध्ये तीन वर्षं आहे. पवन क्षेत्रात जायचं तर पुन्हा फ्रेशर व्हावं लागेल का?
— वाचक, अनगोळ

उत्तर : नाही. तुमच्याकडे जे आहे त्याचं नाव फक्त बदला. अनेक टर्बाइनमध्ये यॉ ब्रेक आणि रोटर ब्रेक हायड्रॉलिक असतात, काहींत ब्लेडचा कोन बदलणारी पिच सिस्टिमसुद्धा. ॲक्युम्युलेटरमधला (तेलाचा दाब साठवणाऱ्या टाकीतला) नायट्रोजन कमी झाला तर वीज गेल्यावर ब्लेड वाऱ्यातून बाहेर वळवायला दाब उरत नाही. ॲक्युम्युलेटरचा प्री-चार्ज तपासणं तुम्ही टेस्ट बेंचवर रोज करता. बायोडेटात "असेंब्ली इंजिनिअर" एवढंच न लिहिता तेलाची स्वच्छता कोणत्या नास क्लासपर्यंत (तेलातल्या कणांच्या मोजणीच्या श्रेणीपर्यंत) ठेवली, किती बारवर टेस्टिंग केलं, सील फेल होण्याची कोणती कारणं शोधली, ते आकड्यांत लिहा. व्हायब्रेशन ॲनालिसिसची पहिली पातळी पूर्ण करा. सोलर ट्रॅकरचे स्लू ड्राइव्ह (पॅनेल उन्हाकडे फिरवणारे गिअर) आणि पंप्ड स्टोरेजचे (पाणी वर चढवून वीज साठवणाऱ्या प्रकल्पाचे) गेट, व्हॉल्व्ह हेही तुमच्याच कामाचे.

प्रश्न : खानापुरात सोलरचा व्यवसाय टाकावा म्हणतो. पीएम सूर्यघर योजनेमुळे मागणी वाढेल ना?
— मेकॅनिकल पदवीधर, नंदगड

उत्तर : योजना २०२४ ची. घराला दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३०,००० रुपये आणि तीन किलोवॅट किंवा वर ७८,००० रुपये अनुदान, पॅनेल मात्र देशी सेलची हवीत. पण कर्नाटकात एक गोष्ट आधी लक्षात घ्या. राज्याच्या गृहज्योती या मोफत विजेच्या योजनेमुळे २०० युनिटच्या आतल्या बहुतेक घरांना बिलच शून्य येतं. त्या घराला छतावरची वीज विकायला जाल तर तो विचारेल, माझे वाचले काय? आणि त्याचं बरोबर आहे. म्हणून कोल्हापूर-सांगलीतल्या मित्राचा धंदा बघून इथला अंदाज बांधू नका. तुमचं गिऱ्हाईक म्हणजे २०० च्या वर वापरणारी मोठी घरं, दवाखाने, शाळा, लॉज, काजू प्रक्रिया, गिरण्या, कोल्ड स्टोरेज.

खानापुरात पाऊस भरपूर, छतं कौलारू. कौलावर पॅनेल लावताना हूक कौलाखालच्या वाशाला स्क्रूनं धरायचा, रिपेला नाही. आधी वासा टोचून बघा, वाळवी लागलेली असली तर काम नाकारा. स्लॅबवर ड्रिल मारलं की दोन पावसाळ्यांत गळती ठरलेली. शक्यतो काँक्रीटचे ठोकळे ठेवून त्यावर स्ट्रक्चर घ्या, आणि ठोकळ्याचं वजन वर सांगितलेल्या वाऱ्याच्या गणितानं काढा. लोखंड हॉट-डिप गॅल्व्हनाइज्डच. साइटवर कापून वेल्डिंग केलं की तिथलं जस्त जळतं आणि पहिल्याच पावसाळ्यात तांबूस ओघळ उतरतात, म्हणून भोकं आणि कट कारखान्यातच करून घ्या. वर्षाची सरासरी किलोवॅटला रोज चार युनिट धरतात, पण जुलै-ऑगस्टात तुमच्याकडे ती बरीच खाली येईल. गिऱ्हाइकाला हे आधीच लिहून द्या, नाहीतर पहिल्या पावसाळ्यात फोन सुरू होतात.

आणखी एक : वेगवेगळ्या कंपन्यांचे एमसी-फोर (पॅनेलच्या वायरी जोडणारे) कनेक्टर एकमेकांत बसतात म्हणून जोडू नका, आणि पक्कडीनं दाबून क्रिम्प करू नका. सांधा तापतो, वितळतो, आग लागते. हेस्कॉमकडे (इथल्या वीज वितरण कंपनीकडे) नोंदणी, नेट मीटरचा अर्ज आणि वायरिंगसाठी परवानाधारक इलेक्ट्रिकल कंत्राटदार लागेलच. तो भागीदार आधी शोधा, दुकानाची जागा नंतर.

प्रश्न : सीमाभागातल्या मराठी मुलांना महाराष्ट्र शासनाच्या भरतीत अर्ज करता येतो का? आणि अप्रेंटिसशिपसाठी मुंबई की चेन्नई?
— वाचक, येळ्ळूर

उत्तर : महाराष्ट्रानं दावा सांगितलेल्या ८६५ गावांत १५ वर्षं वास्तव्य असलेल्या मराठी भाषिकांना महाराष्ट्र शासनाच्या अनेक भरत्यांत अर्ज करता येतो; त्यासाठी सक्षम अधिकाऱ्याचा वास्तव्याचा दाखला लागतो. प्रत्येक जाहिरातीत ती अट कशी लिहिली आहे ते वाचा आणि दाखला आधीच काढून ठेवा, शेवटच्या आठवड्यात मिळत नाही. पदवीधर अप्रेंटिसशिपची नोंदणी एनएटीएसच्या (केंद्राच्या अप्रेंटिसशिप योजनेच्या) एकाच राष्ट्रीय पोर्टलवर होते. कर्नाटक चेन्नईच्या दक्षिण विभागीय मंडळाकडे येतं, महाराष्ट्र मुंबईच्या पश्चिम विभागाकडे.

प्रश्न : एम.टेक. आधी करावं की नोकरी?
— वाचक, चंदगड रस्ता, बेळगाव

उत्तर : गेट चांगली निघाली आणि आयआयटी मुंबईच्या ऊर्जा विभागासारख्या ठिकाणी प्रवेश मिळाला तर जरूर करा, महिना १२,४०० रुपये विद्यावेतनही मिळतं. डिझाइन, वाऱ्याचं मूल्यमापन, संशोधन या कामांना त्याचा उपयोग होतो. देखभाल किंवा प्रकल्प उभारणीत जायचं असेल तर आधी दोन वर्षं साइटवर काढा. फी भरून, "नोकरीची हमी" देणारे तीन महिन्यांचे वर्ग मात्र टाळा. हमी कागदावर लिहून मागा, बहुतेक ठिकाणी बोलणं तिथेच थांबतं.